एकशे बारावं पान

प्रिय ओक-बुन,

'प्रिय' लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. नाहीतर तुझ्या नावाआधी आज दुसराच शब्द आला असता. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू 'ताई' म्हणालीस की माझी जीभ लुळी पडते आणि मी हवापाण्यावर बोलत बसते.

तुझ्या कादंबरीला बक्षीस मिळालं, ती टीव्हीवरची मुलाखत आम्ही कालवं सोलायच्या शेडमध्ये सगळ्यांनी पाहिली. हातातली कालवं तशीच ठेवून बायका बघत होत्या. लिहिता लिहिता मी बरी झाले, मनातलं सगळं विष कागदावर उतरलं, असं तू शांतपणे सांगितलंस. शेजारची पुन-ई लगेच म्हणाली, "तुझी बहीण बरी झाली गं, पण आजार तुमच्या दारात टाकून गेली." मी हसले. पण ते खरंच आहे. आता सोल शहरातून वाचक मंडळाच्या बायका बोटीनं येतात, पुस्तक छातीशी धरून धक्क्यावर फोटो काढतात. मागच्या महिन्यात एकीनं कालवं सोलत असलेल्या आपल्या आईकडे बोट दाखवून मैत्रिणीला हळूच विचारलं, पुस्तकातली ती आई हीच का? आई चौऱ्याऐंशी वर्षांची असली तरी तिला स्वच्छ ऐकू येतं. तिनं त्या दोघींना ताजी कालवं खायला दिली.

आणि मी कोण, तर पुस्तकातली ती मायाळू ताई. अकरा वर्षांची तू पुसानला परक्याच्या घरी धुणीभांडी करायला निघालीस, तेव्हा तुझ्या गाठोड्यात तीन उकडलेली रताळी ठेवणारी. त्या बायका माझा हात हातात घेतात, एकीच्या तर डोळ्यात पाणी आलं. तू मला शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं. त्या रताळ्यांनी माझी दोन वर्षं झोप उडवली आहे.

आईला तेव्हा वाचता येत नव्हतं. पुस्तक आलं तसं तिनं माझ्यापुढे धरलं, म्हणाली, "वाच, माझ्या लेकीनं काय लिहिलंय ते." मी रोज थोडं वाचून दाखवायचे. एकशे बाराव्या पानावर मात्र मी थांबले. तू लिहिलंयस, बोट सुटली तरी आई पाठ फिरवून कालवं सोलत राहिली, तिनं मान वर केली नाही. आणि 'त्या घरात माझ्या नावाचं वाडगंही उरलं नसेल,' असंही. ते मी वाचलं नाही. मी मनानं रचलं, की आई बंधाऱ्याच्या टोकापर्यंत बोटीमागे धावली, कमरेचं फडकं हलवत राहिली. आईनं पुस्तकावर हात ठेवला. मग म्हणाली, "मी धावले होय? बघ, मला आठवतच नाही." पुढे वाच म्हणाली नाही.

वाडग्याचं तुला सांगते, कारण ते ठाऊक नसताना तू लिहून मोकळी झालीस. तू सात वर्षं नव्हतीस. सातही वर्षं आईनं रोज संध्याकाळी तुझ्या वाटणीचा भात वाडग्यात भरला, वर झाकण घातलं आणि चुलीच्या अंगाला, जिथं जमीन सगळ्यात गरम असते, तिथं गोधडीखाली ठेवला. बाबा समुद्रावरून परतले नाहीत तेव्हा त्यांच्यासाठी ठेवायची तसाच. बाबांचं वाडगं तेराव्या महिन्यात तिनं उचललं, तुझं नाही. आणि टाकायचा नाही म्हणून तो भात सकाळी मी खायचे. तिच्यासमोर, एक शीत न ठेवता. तुला लिहून हलकं वाटतं ना, मला तो भात अजून घशात अडकल्यासारखा वाटतो.

गेल्या वर्षी गावच्या सभागृहात म्हाताऱ्यांसाठी अक्षरांचा वर्ग सुरू झाला. आई पहिल्या दिवसापासून जाते. पुन-ईच्या सासूनं चिडवलं, की आता शिकून काय मास्तरीण होणार? आई म्हणाली, "लेकीचं पुस्तक आहे घरात. दुसऱ्याच्या तोंडून किती दिवस ऐकू?"  आता ती अंगणात बसते, ओळीवर बोट ठेवते आणि दिवसाला दोन पानं वाचते. कालवं सोलून वाकडं झालेलं ते बोट अक्षराखालून सरकतं, तसा माझा जीव खाली खाली जातो.

परवा वर्गाच्या बाईंनी घरचा अभ्यास दिला होता, आपल्या मुलांविषयी लिहा. आई शेडवर गेली तेव्हा मी वही उघडली. पानभर मोठ्या वाकड्या अक्षरांत दोनच ओळी होत्या. 'मी धाकट्या मुलीला बोटीत बसवलं. कारण लिहायचं नाही.' खाली बाईंनी शाबासकीचं लाल फूल छापलं होतं.

ते कारण मी लिहिते. पुसानच्या बाईंना चौदा वर्षांची मुलगी हवी होती. माझं नाव ठरलं होतं, गाठोडंही माझंच होतं, ती रताळी मी माझ्यासाठी ठेवली होती. सकाळी मी शेडमागे शिंपांच्या ढिगाआड लपले. आई शोधत आली. आमची नजरानजर झाली. ती एक शब्द न बोलता वळली आणि तुझा हात धरला. म्हणून तिनं मान वर केली नाही, ओक-बुन. केली असती तर एक लेक बोटीत आणि एक ढिगाआड दिसली असती. तू तिला दोष दिलास आणि तिनं माझ्यासाठी तो मुकाट्यानं घेतला, वहीतसुद्धा. आज ती एकशे चाराव्या पानावर आहे. हे पत्र पोचेपर्यंत एकशे आठ होईल. ती एकशे बाराव्यावर पोचेल त्याआधी ये आणि तिच्याशेजारी बस. मला काय म्हणायचं ते तिच्यासमोर म्हण, मी ऐकेन. संध्याकाळी ती गोधडीखाली वाडगं ठेवेल. तो भात आता तरी तुझा तू खा.

'तुझीच' म्हणायचं की नाही ते तू ठरव,
दोक-सुन