डाव्या बटणाची क्लिप

९ फेब्रु.
हॉस्पिटलचा सहावा दिवस. मंगलच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली, करंगळी आणि तिच्या शेजारचं. मधलं तार घालून वाचवलंय. "वाकेल की नाही, आत्ता सांगता येत नाही," डॉ. म्हणाले. तारेची जाडी विचारली. "इंजिनिअर का तुम्ही?" म्हटलं, नाही, दहावी नापास. कारखान्याच्या टूलरूममध्ये, साचे-हत्यारं बनवण्यात, सव्वीस वर्षं. इंजिनिअर मला विचारून ड्रॉइंग काढतात. बायको पलंगावर आणि मी हे सांगत उभा.

१० फेब्रु.
तिच्या प्रेसशॉपचा सुपरवायझर आला. दोन शहाळी घेऊन. म्हणे, "वहिनींनी घरून क्लिप आणून बटण दाबून ठेवलं होतं. आम्ही काय करणार, भाऊ?"
प्रेसला दोन बटणं. दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय डाय, वरचा साचा, खाली येत नाही, म्हणजे हात आत राहूच शकत नाही. डावं बटण क्लिपनं दाबून ठेवलं की डावा हात मोकळा, माल भराभर लावता येतो. एवढं मला कोण शिकवणार! वॉर्डातच झापला त्याला. माझी बायको असलं काही घरून नेईल? चुकीच्या घरावर आळ घेताय म्हटलं. शेजारच्या पेशंटची माणसं ऐकत होती. बरं वाटलं.

१४ फेब्रु.
डिस्चार्ज. पिंपरी ते चाकण गाडीत. खड्डा आला की हात छातीशी धरायची. घरी चहा झाल्यावर म्हणाली, "त्या मान्साला उगं बोलला तुमी. क्लिप म्याच नेलती. तुमच्या पेटीतली."
माझीच. चार वर्षांपूर्वी आमच्या लाइनसाठी केलेली. दीड मि.मी. स्प्रिंग पत्ती, कोपरे घासून गोल, हाताला लागू नयेत म्हणून. हाताला लागू नयेत...
"नवशेचं तेराशे पीस निगत्यात, तुमीच जेवताना सांगितलं व्हतं. सायबांना सुचलं न्हाई ते मला सुचलं, म्हनला व्हता. माजं टार्गेट भरत नव्हतं. म्हनलं, आपल्या मान्साचं डोकं हाय, वापरावं."
सुपरवायझरनं पाहिली नाही?
"पाह्यली की. दोन म्हैनं पाहतोय. हसायचा."

२२ फेब्रु.
व्यायाम सुरू. मूठ वळताना मधल्या बोटाचं टोक तळव्यापासून ६४ मि.मी., स्टीलच्या पट्टीनं मोजलं. काल ६५. डॉ.नी कागदावर लिहिलंय 'थोडी सुधारणा'. थोडी म्हणजे किती?
एका हातानं कणीक मळायला बसली. परात फिरत राहिली. धरायला गेलो तर, "सरका तिकडं." शेवटी पोळ्या मी केल्या. तिनं एक उचलून बघितली. "आता हितं न्हाई का येत कोपरं गोल कराया?" हसली. अपघातापासून पहिल्यांदा. मला नाही जमलं.

१ मार्च
तिच्या शॉपमधली कांताबाई भेटायला आली. मं.ची प्रेस दुसऱ्याच दिवशी चालू केली, नवी बाई बसवली. सुपरवायझरनं तशाच आणखी तीन क्लिपा बाहेरून करून घेतल्यात. "पर लै खरबरीत हायत. वैनींची बरी व्हती." मान खाली घालून ऐकलं. पण आत कुठंतरी सुखावलो, हे इथं लिहून ठेवतो. असा माणूस आहे मी.

३ मार्च
उद्या अकराला कंपनीत अपघाताची चौकशी. दोघांना बोलावलंय. क्लिप कुणी केली, कुठून आली, हेच विचारणार. माझी म्हटलं तर घरून नेली हे पक्कं, मं.ची भरपाई अडणार, माझी टूलरूममधली नोकरीही जाणार. माहीत नाही म्हटलं तर सगळं त्या सुपरवायझरच्या गळ्यात. तो काही साधू नाही. पण हे त्यानं केलेलं नाही.
मं.ला म्हटलं, माहीत नाही असंच सांगतो. तुझ्यासाठी.
"माज्यासाठी सांगा न्हाईतर तुमच्या नावासाठी सांगा. पर कुनासाठी, ते आत्ता बोला. उद्या मी शेजारीच बसनार हाय."
इस्त्री तापत ठेवली, शर्ट शोधला. ती दारातच उभी आहे अजून.