हिरोच्या जागी

प्रिय चिमणे,

काल तू फणकाऱ्यानं फोन ठेवलास. मला बोलायला उसंतच दिली नाहीस, म्हणून हा कागद. तुझ्या आईचा शेवटचा सिनेमा साफसूफ करून रविवारी पुन्हा दाखवणार आहेत, तुला पहिल्या रांगेत बोलावलंय, आणि तू म्हणतेस, जिला माझ्याकडे बघायला कधी वेळ नव्हता, तिला मी का बघायला जाऊ? हा फणकारा थेट तिचाच आहे. सांगितलं की तुला राग येतो, तरी सांगते.

मी स्टुडिओत नट्यांचे केस करायचे. एकदा माझा विसरलेला डबा द्यायला ही माझी बहीण आली आणि दिग्दर्शकांच्या नजरेत भरली. पहिल्या सिनेमात चार वाक्यं मिळाली, त्यातलीही निम्मी विसरली. दुसऱ्यात लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. मग तुझे बाबा, मग तू, मग हा तिसरा सिनेमा. तुला माझ्या कडेवर सोडून ती सेटवर जायची, हे खरं. पण मध्येच पळत येऊन तुला पाजायची आणि तू तिच्या गालावरचा रंग फासून घ्यायचीस, मेकअपवाले दादा कपाळाला हात लावायचे, हेही खरंच. तिचा ताप आम्ही दगदगीचा समजलो. सिनेमा लागायच्या आत ती गेली. तू तेव्हा नुकती धरून उभी राहायला लागली होतीस. पुढे तू तिच्याबद्दल विचारलंस की मी विषय बदलायचे. तुला वाटलं, सांगण्यासारखं काही नसेलच.

सिनेमाच्या शेवटी, मेला म्हणून ज्याची आशा सोडलेली असते तो नवरा परत येतो. ती दार उघडते आणि नुसती बघत राहते. त्या बघण्यावर लोक अजून बोलतात. असा जवळून चेहरा घेताना समोरच्या नटानं कॅमेऱ्याला खेटून उभं राहायचं असतं, म्हणजे नजर नेमकी पडते. पण हिरो आपलं काम उरकून दुसऱ्या शूटिंगला पसार झाला होता. त्याच्या जागी दाढीवाल्या सहायकाला उभं केलं, तर तुझी आई फिदीफिदी हसायला लागली. काही केल्या थांबेना. दिग्दर्शकांचा पारा चढलेला, तेवढ्यात मागून तू भोकाड पसरलंस. तिनं वळून पाहिलं, आणि तिचा चेहरा बघून दिग्दर्शकांनी मला तुझ्यासकट कॅमेऱ्याजवळ बोलावलं.

पुढचं काल सांगायचं राहिलं, म्हणून लिहायला बसले. हिरो उंच, मी बुटकी. मला एका लाकडी खोक्यावर चढवलं आणि तुला वर धरायला सांगितलं, तुझं तोंड बरोबर हिरोच्या तोंडाच्या उंचीवर येईल असं. तिनं दार उघडलं. तू रडं विसरून दोन्ही हात पुढे केलेस. हिरो रुसेल म्हणून दिग्दर्शकांनी सगळ्यांना तोंड बंद ठेवायला लावलं. आता तोही राहिला नाही. मी रविवारी तुझी जागा धरून ठेवते. ये गं. ती दार उघडेल तेव्हा लोकांना वाटेल, नवऱ्याकडे बघतेय. तिथं तो नव्हताच. तिथं तू होतीस.

तुला धरून हात भरून आले तरी खाली न ठेवणारी,
तुझीच मावशी