आठ जीवनसत्त्वं आणि लोह

५ जानेवारी, रविवार
जिज्ञासाचा रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन नऊ पॉइंट एक. शाळेत प्रार्थनेला चक्कर येऊन पडली तेव्हा मला वाटलं, नाटक. सहावीतल्या मुली करतात. अंबरनाथच्या डॉक्टरमॅडमनी लोहाच्या गोळ्या दिल्या. लिंबूपाण्याबरोबर घ्या, दुधाबरोबर नको. नाचणी, पालेभाजी, खजूर. महिन्याने परत रक्त तपासू.
निश्चय: उद्यापासून सगळं मी स्वतःच्या हाताने करणार. २६ जानेवारीला जिज्ञासा लेझीमच्या पथकात पहिल्या रांगेत आहे. तोवर गाल लाल झाले पाहिजेत.

६ जानेवारी, सोमवार. सकाळी ६.१०
गोळी तोंडातून तुळशीत. नाचणीची भाकरी तशीच ताटात. म्हणाली, "गंजलेल्या खिळ्यासारखी लागते." खिळा कधी खाल्लास, असं विचारलं. रडली. मी ओरडले. सासूबाई मध्ये पडल्या. ऑफिसला निघताना दोघीही माझ्याशी बोलल्या नाहीत.

८ जानेवारी, बुधवार
मार्ग सापडला! ऑफिस सुटल्यावर उल्हासनगरच्या मार्केटमध्ये चॉकलेटचे ते गोळे घेतले, दुधात टाकून खायचे. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: आठ जीवनसत्त्वं आणि लोह. दुकानदार म्हणाला, "दीदी, पूरा डब्बा ताकत है. मेरे पोते रोज खाते हैं, देखो कैसे गोलमटोल." नातू गल्ल्याशेजारीच बसले होते. खरंच गोलमटोल. याहून मोठा पुरावा कुठला?
मागच्या बाजूची अक्षरं बारीक आहेत. चष्मा ऑफिसात राहिला.

९ जानेवारी, गुरुवार
वाटी चाटूनपुसून साफ. तपकिरी दूधसुद्धा प्यायली. "मम्मी, यू आर द बेस्ट" म्हणाली आणि माझ्या खांद्याला तोंड पुसलं. शेवटचं असं कधी केलं होतं, आठवत नाही. ऑफिसभर त्या डागावरून ओढणी घेतली नाही.
गोळ्या दोन दिवस बंद. दोन्हीकडून लोह नको. जास्त होईल.

११ जानेवारी, शनिवार
चष्मा लावून मागची बाजू वाचली. शंभर ग्रॅममध्ये एकतीस ग्रॅम साखर. दचकले. पण शंभर ग्रॅम खातंय कोण? एका वेळचं प्रमाण तीस ग्रॅम. त्यात साखर जेमतेम नऊ. तीस ग्रॅम म्हणजे साधारण एक वाटी. आमची वाटी जरा मोठी आहे, माझ्या लग्नातली. म्हणजे लोहही जरा मोठं.
सासूबाई बदलापूर गावातल्या, जुन्या शेतकरी घरातल्या. पॅकेट हलवून म्हणाल्या, "ह्यानं रगात वाढंल कं?" मी समजावलं की यात लोह मिसळलेलं असतं. म्हणाल्या, "मंग लोखंडी कढईत ठेव, आनखी वाढंल." भावेश इतका हसला की चहा सांडला. नवऱ्याने आईच्या विनोदाला इतकं हसू नये.

१५ जानेवारी, बुधवार
गोळ्या अजून बंदच. पर्समध्ये आहेत, म्हणजे विसरलेले नाही. घरात सकाळी शांतता आहे, हेही एक औषधच. जिज्ञासा आता वाटी गॅलरीत घेऊन जाते. मोकळ्या हवेत भूक लागते.
सोसायटीतला बोका फार तजेलदार दिसतो हल्ली.

१९ जानेवारी, रविवार
हळदीकुंकू. यंदा वाण म्हणून प्लास्टिकचे डबे नाहीत. प्रत्येकीला या चॉकलेटगोळ्यांची छोटी पाकिटं. आरोग्याचं वाण! माझ्याकडून तिळगूळही नाही. साखर किती वाईट यावर दोन शब्द बोलले. खालच्या मजल्यावरची स्वप्नाली म्हणाली, "वहिनी, तिळगूळच नाही तर आम्ही गोड बोलायचं कशाच्या भरवशावर?" सगळ्या हसल्या.
सासूबाईंनी न विचारता तिळाचे लाडू ठेवलेच. शेजारी माझं एक पाकीट उघडून ठेवलेलं. थोड्या वेळाने मुंग्यांची रांग लागली. लाडवाला वळसा घालून थेट पाकिटात. स्वप्नाली ओरडली, "वहिनी, मुंग्यांना पण चक्कर येते वाटतं!" सासूबाईंनी रांगेवर हळद टाकली.
मुंग्या धान्याला लागतात, सगळ्यांना माहीत आहे.
एवढ्या गोंगाटात जिज्ञासा आतल्या खोलीत बायकांच्या पर्सेसवर डोकं ठेवून झोपली होती. भर संध्याकाळी. थंडीचे दिवस आहेत.

२६ जानेवारी, रविवार
लेझीम चालू असताना मधेच खाली बसली. पडली नाही. नुसती बसली, लेझीम मांडीवर ठेवून. बाकीच्या मुली तिच्या बाजूने नाचत राहिल्या. बाईंनी सावलीत नेलं. मी धावले. हात गार. ओठ पांढरे.
हेंद्रेपाड्याला घरी येताना रिक्षात मी म्हटलं, उद्यापासून दोन वाट्या देते. ती बाहेर बघत म्हणाली, "नको ना मम्मी. मला ते चार दिवसांतच नको झालं. गोड गोड, नुसतं. मी बोक्याला देते."
मग सांगितलं का नाहीस?
"तू सकाळी ओरडत नव्हतीस ना."
पुढे स्टेशनजवळ रस्ता खोदलाय. रिक्षा बराच वेळ अडकली.

४ फेब्रुवारी, मंगळवार. रथसप्तमी
काल संध्याकाळी रिपोर्ट आला. आठ पॉइंट आठ. डॉक्टरमॅडमनी विचारलं, गोळ्या घेते ना? मी म्हटलं, मध्ये मध्ये. जिज्ञासाने माझ्याकडे पाहिलं. काही बोलली नाही. मला वाचवलं.
आज सकाळी गोळी, लिंबूपाणी. तोंड वाकडं केलं, डोळ्यांत पाणी. ओरडायचं नाही असं ठरवलं होतं. एकदाच ओरडले. मग गिळेपर्यंत पाठीवर हात ठेवून बसले. ऑफिसला उशीर. सासूबाईंनी नाचणीची भाकरी केली, लोखंडी तव्यावर. जिज्ञासाने अर्धी खाल्ली. माझ्या खांद्याला तोंड पुसलं नाही.
बोका गॅलरीत येऊन बसला होता. त्याचं हिमोग्लोबिन चांगलं असावं.
खोक्यात बरेच गोळे उरलेत. फेकवत नाहीत. रोज एक वाटी मीच खाऊन संपवते. लोहाची गरज मलाही आहेच. खोकं मागची बाजू भिंतीकडे करून ठेवलंय.