वर्नाला हॉकी शिकवल्याची हकिकत

डनमोर क्रॉसिंग, सॅस्कॅचेवान
जानेवारीतला रविवार

तीर्थरूप स्टेफाताईस,

धाकट्या ओरेस्टचा कानटोपी काढून, कमरेतून जमेल तेवढा वाकून नमस्कार. (कंबर ठीक आहे. बर्फ उपसताना एकदा धरली होती, तिला दम दिला, सुटली.) तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींची साखर? तुमच्या व्हिक्टोरियात जानेवारीतच गुलाब फुलले हे तू फोनवर सांगितलंस. दर वर्षी सांगतेस. इथे उणे चौतीस आहे, आणि इंजिन गोठू नये म्हणून गाडीला रात्रभर विजेची वायर लावून ठेवली नाही तर ती सकाळी ओळखसुद्धा दाखवत नाही, पण आम्ही काही त्यासाठी कोणाला फोन करत नाही.

तू विचारलं होतंस की भाऊ अठ्ठावन्नचा झाला, आईलाही जाऊन सहा वर्षं झाली, आता तरी एखाद्या बाईला कुठे घेऊन जाणार आहेस की नाही. तर ऐक, नेलं. वर्ना थॉरस्टाइनसन तिचं नाव. विधवा आहे, गेल्या पानगळीत हॉर्नबीहून इथे आली, औषधाच्या दुकानात असते. खोकला नसताना मी तिच्याकडून इतक्या वेळा खोकल्याच्या गोळ्या घेतल्या की शेवटी तीच म्हणाली, "ओरेस्ट, तुला खोकला आहे का काही बोलायचंय?" मी म्हटलं, शनिवारी ज्युनिअर हॉकीचा सामना आहे, येतेस का? "येते की," म्हणाली. इतकं सोपं असतं हे, ताई. लोक उगाच बाऊ करतात.

आता तू म्हणशील, पहिल्याच डेटला बाईमाणसाला बर्फाच्या रिंकवर काय न्यायचं, मेणबत्त्यांचं हॉटेल नव्हतं का? नव्हतं. गावात एकच हॉटेल, आणि सामन्याच्या रात्री ते बंद असतं, कारण मालक रिंकवर असतो. शिवाय मी तयारी चोख केली होती. सकाळीच जाऊन मधल्या बाकावर दोन घोंगड्या टाकून आलो (आपलीच जागा, ग्लॅडिसबाईंच्या मागची, त्या ऐंशीच्या झाल्या तरी गाईच्या गळ्यातली घंटा अजून तशीच बडवतात). सामना नेमका हॉर्नबीशी होता. गाडीत वर्ना म्हणालीसुद्धा, "अरे, त्या हॉर्नबीच्या संघात माझा एक—" मी तिला मध्येच धीर दिला. म्हटलं, घाबरू नकोस, तू आता डनमोरची झालीस, माझ्या शेजारी बसल्यावर तुला कोणी हॉर्नबीची म्हणून बोलायचं नाही. ती खिडकीबाहेर बघायला लागली. भारावली असणार, असं मला वाटलं.

पहिला भाग सुरू झाला आणि मी तिला खेळ समजावून सांगितला. ऑफसाइड म्हणजे काय ते दोन हातमोजे आणि खायला घेतलेली बटाट्याची एक पिरोगी मांडून इतकं सोपं करून दाखवलं की पुढच्या रांगेतले दोघे वळून बघायला लागले. ती शांतपणे ऐकत होती. मधूनच "हो का?" म्हणायची. ऐकणारी बाई मिळायला भाग्य लागतं, ताई. (तू कधी ऐकलं नाहीस.)

मग आपली परंपरा. समोरच्या गोलकीपरला शिव्या घालणं हा तिकिटातच धरलेला हक्क आहे, हे तुला काय सांगायचं. लग्नाआधी तू एकाला रडवलं होतंस. अख्खं रिंक "चाळणी! चाळणी!" ओरडत होतं, पण चाळणी कोणीही म्हणेल, त्यात कसब नाही. मी अभ्यास करून ओरडतो. त्या पोराची खोड मी पहिल्याच गोलला पकडली. समोरून फटका यायच्या आधीच हा गुडघ्यांवर बसायचा. मी उभा राहिलो. "अरे बाळा, गुडघे काय टेकतोस, चर्चमध्ये आलायस का? उभा राहा की! वरचा कोपरा कोण बघणार, तुझी आजी?" लोक पोट धरून हसले. दुसरा भाग संपेपर्यंत आपण तीन-शून्यने पुढे, आणि माझा घसा असा तापलेला की मी शेवटचा बाण सोडला: "कोणी वाढवलं रे तुला? नीट उभं राहायलासुद्धा शिकवलं नाही?"

वर्नाने हातातली पिरोगी खाली ठेवली. मी म्हटलं, गार झाली असेल.

तिसऱ्या भागात तो पोरगा उभा राहिला, ताई. ताठ. गुडघा म्हणून टेकला नाही. आपल्या पोरांनी काय काय फेकलं त्याच्यावर, सगळं त्याने सफरचंद झेलावं तसं झेललं, आणि तिकडे हॉर्नबीने एकामागून एक चार चढवले. आपण हरलो. ग्लॅडिसबाईंनी घंटा पिशवीत घातली.

निघताना वर्ना म्हणाली, थांब, मला एकाला भेटायचंय. खेळाडूंच्या दारापाशी गेलो. तर तोच गोलकीपर बाहेर आला, केस ओले, दाराएवढा उंच, आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाला, "मावशी, जेवलीस का गं?"

तुला आठवतं ना, आपल्या घरी मोसमभर संघाची पोरं राहायला असायची, कुठल्या कुठल्या गावांतून आलेली, आणि आई आपल्याआधी त्यांना वाढायची? वर्नाने हॉर्नबीत वर्षानुवर्षं तेच केलं होतं. हा रेमी, मॅनिटोबाकडचा, दोन मोसम तिच्या स्वयंपाकघरात वाढलेला. म्हणजे ऑफसाइड मी कोणाला शिकवली ते लक्षात घे.

"रेमी, हा ओरेस्ट," वर्ना म्हणाली. "तुला कोणी वाढवलं असं हाच विचारत होता. ओरेस्ट, मी वाढवलं."

मला पहिल्यांदाच खराखुरा खोकला आला.

पोरगा मात्र सोन्यासारखा. हात पुढे करून म्हणाला, "काका, ते गुडघ्यांचं बरोबर होतं हां! आमचा कोच दोन महिने तेच सांगतोय, पण त्याचा आवाज एवढा पोचत नाही." हे त्याने ग्लॅडिसबाईंच्या देखत सांगितलं. सकाळपर्यंत गावभर झालं की डनमोरला ओरेस्टने हरवलं. पोस्टात ग्लॅडिसबाई मला म्हणाल्या, "पुढच्या सामन्याला मफलर आण. गळ्याला नाही, तोंडाला."

गावाचं मला काही नाही, गाव विसरेल. (पुढच्या वर्षापर्यंत.) पण वर्नाला घरी सोडायला गेलो. गाडी थांबल्यावर म्हणाली, "ओरेस्ट, संध्याकाळभर तू बोलत होतास. मला एक तरी प्रश्न विचारलास?" मी विचार करून म्हटलं, आणखी पिरोग्या घेणार का, असं विचारलं होतं. "विचारलंस," ती म्हणाली, "आणि तूच खाल्ल्यास." दार लावून गेली. आपटलंसुद्धा नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. मी तिच्या दारात गाडी चालू ठेवून बसून राहिलो. ताई, फार वाईट वाटलं. आपलं घर इतकं गप्प असतं की बाहेर कोणी शेजारी बसलं की मी सगळं एकदम बोलून घेतो.

पण मी हातपाय गाळणाऱ्यांतला नाही. दोनच दिवसांनी खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपत होती, आणि आपल्या मॅनेजरने, तो तिसरा भाग डोळ्यांनी बघितल्यावर, दोन पोरं देऊन रेमीला डनमोरला आणलं. (ही कोणाची पुण्याई, गावाने सांगावं.) मी तडक दुकानात गेलो. गोळ्या घेतल्या नाहीत. वर्नाला विचारलं, रेमीला जेवायला काय आवडतं? तिने स्टूल पुढे केलं आणि म्हणाली, "बस." दुकान बंद होईपर्यंत ती बोलत होती आणि मी ऐकत होतो. हो, मीच.

असो. इकडे सर्व कुशल, मला कशाचीही गरज नाही. भाऊजींना नमस्कार.

तुझा आज्ञाधारक,
ओरेस्ट

ता. क. एक बारीकशी गोष्ट. रेमीला राहायला घर हवं. वर्नाचं बिऱ्हाड दुकानावरच्या एका खोलीत, तिथे तो पाय पसरले तर जिन्यात जातील. तेव्हा तुझी खोली मोसमापुरती रिकामी केली तर चालेल का? तू मागच्या वेळी राहून गेलीस त्यालाही सहा वर्षं झाली. नाही म्हणालीस तर तो दुसऱ्या कुणाकडे जाईल, आणि मग वर्नाला इथे यायचं कारण उरणार नाही. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलेलं नाही.

ता. क. २. खोली बुधवारीच रिकामी केली. शिवणयंत्र गॅरेजमध्ये घोंगडीखाली सुखरूप आहे. तुझा लग्नाचा पोशाख वर्नाने स्वतः मऊ कागदात गुंडाळला आणि विचारलं, ताई येते का कधी? मी म्हटलं, बोलावलं तर येईल. तर ये.

ता. क. ३. वर्ना रोज संध्याकाळी तो नीट जेवतो की नाही बघायला येते आणि तिसरं ताट घेऊन बसते. काल धीर करून विचारलं, मे महिन्यात रेमी त्याच्या घरी जाईल, मग तू यायची थांबशील का? म्हणाली, "तोवर तुझा आवाज किती खाली येतो ते बघू." म्हणून हल्ली मी हळू बोलतो, ताई. घरात कोणालाच खरं वाटत नाही. घरात कोणीतरी आहे.