टायरले लावलेली हळद

माह्या परभाकरा,

कसा हाय, असं तुले विचारता येत नाई. तरी बोट तेच लिहाले जाते. तू गेल्यापासून पंधरा पोळे झाले अन् मी तुले एक ओळ लिहिली नाई. दुसरी शिकलेली बाई मी, लिहाले वेळ लागते, हे एक कारन. खरं कारन दुसरं होतं. ते सांगाची हिंमत आज आली, म्हनून तुह्या पोरीच्या वहीतले मधले पानं मागून घेतले अन् वसरीत बसली.

पयले आनंदाची गोष्ट! तुही प्रनाली नोकरीले लागली रे! जनावराच्या दवाखान्यात. देवळीच्या आजूबाजूच्या गावाईत फिरते, गाईबैलाले सुया टोचते. तुह्या कडेवर बसूनही गाईच्या शेपटीले भेनारी पोट्टी! आता बैलानं शिंग हलवलं तं त्यालेच दटावते, "काऊन रे, एवढा मोठा झाला अन् सुईले भेतं?" हे तिनं करून दाखवलं तं मी हसून हसून पडली. मंदा म्हने, "आत्याबाई, नका एवढ्या हसू, दृष्ट लागन." तुही बायको अजून तशीच हाय, हसतानाही इकडंतिकडं पाहून घेते.

पन गावोगावी फिराले गाडी पायजे. पोरगी म्हने, "आजी, बाबाची गाडी काढू."

माह्या हातातली भाकर हातातच राह्यली.

तुही फटफटी कोठ्यात होती, पोत्याईखाली. तुले घरी आनलं त्याच दिवशी लोकाईनं तिलेही आनून उभी केली. तेव्हापासून मी कोनाले हात लावू देला नाई. चाबी तिखटाच्या डब्ब्यात, तिखटाच्या खाली. मंदाले वाटे, पोराची आठवन म्हनून बुढी जपते. आठवन कशाची! मी भेत होती. कोनी त्या टायरकडं पाह्यलं तं?

तुले ते वर्स आठवते काय रे, आपले बैल विकले ते? पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळनी. वर्सभर जू ओढलेल्या खांद्याले तूप-हळद चोळाची अन् बैलाच्या कानात म्हनाचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." लगन होऊन आली तेव्हापासून ते काम माहं. त्या वर्सी कोठा रिकामा अन् मी वाटी घेऊन उभी. कोनाले लावू? मंग तुही गाडी दिसली. म्हटलं, वांगे अन् सांबाराच्या जुड्या बाजारात आता हेच नेते, आता हाच आपला बैल. बैल खांद्यानं ओढते, गाडी चाकानं. दोन्ही टायरले चांगली घरच्या तुपातली हळद चोळली, कुठं सुकं ठेवलं नाई.

तू आंघोळीहून आला अन् कपाळाले हात लावला. "काय केलं वं माय! टायरले तूप लावते काय कोनी? घसरन ना मी!" अन् हसत सुटला. मी रुसली. म्हटलं, "एवढ्या वर्सात बैल कधी हसला नाई, तूच मोठा शहाना!" तं तू म्हनला, "बरं वं बाई, राहू दे. तुह्या आवतनाले मी नाई कसा म्हनू?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच तू वांगे घेऊन देवळीले गेलता. येताना पोरीले तान्ह्या पोळ्यात मिरवाले लाकडाचा नंदी आननार होता. पानी झिमझिम. वळनावर ट्रॅक्टरनं वावरातला काळा चिखल डांबरी रस्त्यावर आनून टाकलेला. नंदी घेऊन परत येताना तिथं गाडी घसरली. लोकं म्हने, चिखलानं. मी मान हलवली. तूप माह्याशिवाय कोनाले माहीत होतं?

तू ते पुसलं होतं काय रे? का माहं मन राखाले तसाच गेलता? पंधरा वर्स हाच एक प्रश्न. देवाले विचारला, तुह्या फोटोले विचारला. दुसऱ्या कोनाले विचारू? मंदाले? तिचं कुंकू होतं ते.

तं प्रनालीनं डब्ब्यातून चाबी काढलीच. दोन दिवस बोटं झोंबले तिचे, पन नाई ऐकली. टेम्पोत गाडी टाकून वर्ध्याले नेली, सिंदी मेघेकडं हमीदभाईचं टायरचं दुकान हाय तिथं. म्हटलं, "मी येते." ती म्हने, "आजी, तुले टायरमधलं काय समजते?" म्हटलं, "नाई समजत, म्हनूनच येते."

हमीदभाईनं दोन टायर पुढं ठेवले. "अम्मा, हा कडक. लय चालते. हा नरम. रस्ता पकडून ठेवते, पन लवकर घासते. बोलो."

मी म्हटलं, "पकडनारा द्या." पोरगी म्हने, "आजी, मले रोज चार गावं फिराचे हायेत! टिकनारा पायजे." मी म्हटलं, "टायर टिकून काय करतं वं, मानूस टिकला पायजे." ती म्हने, "अन् घासलेला टायर दर साल कोन बदलवत बसन?" जुंपली आमची. हमीदभाई म्हने, "सास-बहू हो क्या?"

मंग त्यानं तिसरा काढला. मधात कडक, बाजूनं नरम. सरळ रस्त्यावर गाडी मधल्या भागावर चालते, तो लवकर झिजत नाई. वळनावर बाजूवर झुकते, तो भाग रस्ता धरते. खाचा खोल, पानी बाहेर काढून देनाऱ्या. मी खाचेत बोट घालून पाह्यलं. म्हटलं, "माही सासू अशीच होती. मधात कडक, कडेनं नरम." सारे हसले. टायर कोन्या सालचा, ते चार आकड्यात त्याच्या अंगावरच लिहून राह्यते म्हने. आकडे मले येतात. मीच वाचले. यंदाचाच निघाला. काय सांगू परभाकरा, शाळेत पास झाल्यासारखं वाटलं!

तेवढ्यात हमीदभाई पोरीले म्हने, "बेटी, नया टायर चिकना रहता है. पयले शंभर किलोमीटर वळनावर सावकाश. अन् चमकवाले तेल-बिल कधी लावाचं नाई."

 मी तिथंच बाकावर बसली. पंधरा वर्साचं सारं बाहेर आलं, दुकानात, लोकाईसमोर. तूप, हळद, तुहं हसनं, सारं.  आपला बाप कसा गेला, ते प्रनालीनं असं ऐकलं रे.

 हमीदभाईनं तुहा जुना मागचा टायर माह्यापुढं धरला. "अम्मा, हात लगाओ." पाट्यासारखा गुळगुळीत. खाचेत बारका उंचवटा असते म्हने, टायर झिजून त्याच्या बरोबरीले आला की सरला समजाचा. इथं खाचच नव्हती. तो म्हने, "हा टायर तुमच्या पोळ्याच्या लय आधी सरला होता."

"पन तूप?" मी म्हटलं.

 हमीदभाई गाडीकडं वळला अन् पुढचं काम म्हनून सीटखालचं बाजूचं झाकन खोललं. आत तुहा पाना, गंजलेला. त्याच्याभवती फडकं गुंडाळलेलं. माह्या हिरव्या लुगड्याचा तुकडा, जुनं म्हनून मीच तुले गाडी पुसाले देलता तो. प्रनालीनं हलक्या हातानं उलगडला. कडक झालता. मधात टायरच्या काळ्या रेघा, अन् सारा पिवळा.

पुसलं होतं तू. मी झोपल्यावर, नाई तं पहाटे निंघताना. माह्यासमोर नाई पुसलं, मी रुसन म्हनून.

तुले वाटन, माय सुटली. मी सुटली नाई रे, जास्तच रडली. तूप पुसाची अक्कल होती, मंग टायर सरला हे दिसलं नाई तुले? बैलाचा झिजलेला नाल दुरून ओळखनारा तू! 'पोळ्यानंतर पाहू' म्हनला असशीन. आधी नंदी, मंग टायर. तो नंदी अजून हाय. त्याचा एक पाय मोडला, म्हनून देवाजवळ भिंतीले टेकवून ठेवला.

गाडी आता आंगनात उभी हाय. नव्या रबराचा वास वसरीत येऊन राह्यला. उद्या पोळा, आज खांदमळनी. वाटी तयार हाय. शेजारच्या बैलाले लावून आल्यावर गाडीच्या हँडलले एक बोट लावीन. चाकाले नाई. प्रनाली म्हने, "आजी, लावलं तं मी पुसन, पन तुह्यासमोर पुसन." तुहीच पोरगी.

तुले वचन देते. आता दर पोळ्याच्या आदल्या दिवशी मी टायरच्या खाचेत बोट घालून पाहीन. टायर झिजून उंचवट्याच्या बरोबरीले आला, तं चाबी पुन्हा तिखटाच्या डब्ब्यात, मंग पोरगी कितीही ओरडो. माहं बोट चालते तोवर मी, मंग मंदाले शिकवून जाईन.

लाजेपायी पंधरा वर्स तुले एक म्हटलं नाई, ते आज म्हनते.

परभाकरा, आज आवतन घे, उद्या जेवाले येजो.

तुही,
माय