डोंगराकडे वळलेली पायगाडी

माजिवडा, ठाणे
डिसेंबर १८९९

प्रिय अल्फान्सो,

'प्रिय' लिहून हात थोडा वेळ थांबला. पण पाद्रीबाबांनी शाळेत पत्राचा मायना असाच शिकवला, आणि दुसरा मला सुचला नाही.

तुझा निरोप रुडॉल्फने पोचवला. कल्याणहून तेवढ्यासाठीच उतरला होता. आपला हा मावसभाऊ एरवी किती बोलका, पण परवा ओटीवर बसून नुसती टोपी फिरवत राहिला. मग हळूहळू म्हणाला, की नाताळानंतरच्या रविवारी तू तुझ्या क्लबातल्या साहेबांना बायसिकलींवरून डोंगरातून आणणार आहेस, विहारच्या तळ्यापासून येऊरला आणि येऊरहून खाली माजिवड्यात. दुपारचं जेवण आपल्या घरी. तळलेले मैद्याचे फुगे आणि आई करायची तशा मसाल्याचं डुकराचं मांस साहेबांना फार आवडेल, असं तू म्हणालास म्हणे. निरोपात आणखी एक गोष्ट होती. तिच्याकडे मी शेवटी येते, कारण आधी ती लिहायला बसले तर हे पत्र फाडून टाकीन.

तू साहेबांचा वाटाड्या झालास याचं मला नवल वाटलं नाही. फोर्टातल्या दुकानात बायसिकली दुरुस्त करता करता तुला एक जुनी मिळाली, आणि ती घेऊन तू पहिल्यांदा दारात आलास तेव्हा सगळा गाव बघायला लोटला होता. गावाने तिला पायगाडी म्हटलं. आई म्हणाली, सैतानाने घोडा केला तर तो असाच करील, आणि मग लुगड्याच्या पदराने तिच्या चाकावरचा चिखल पुसला. त्यानंतर तू चर्चमधला रविवारचा मिसा चुकवायला लागलास. भांडुपाहून विहारच्या तळ्यापर्यंतची सरकारी सडक, पुढे तुळशीचं तळं, कान्हेरीच्या लेण्यांखालची खडीची चढण, हे सगळं तू जेवताना ताटात भाताचे डोंगर आणि कालवणाची तळी करून आम्हांला दाखवायचास. तुळशीच्या पुढे राखीव जंगल. तिथून येऊरपर्यंत सडक नव्हतीच, लाकडाच्या गाड्यांची चाकोरी तेवढी होती, आणि ती तुला पाड्यावरच्या राघोने दाखवली. कुठे उतरून बायसिकल खांद्यावर घ्यायची, कोणत्या ओढ्यातला दगड निसरडा, कुठल्या उतारावर पाय मोकळे सोडायचे, सगळं तुला पाठ झालं होतं.

एका दिवाळीच्या सुमारास तू मला पुढच्या दांड्यावर बसवून येऊरचा शेवटचा उतार उतरलास. मी डोळे मिटले नाहीत. खाडी, मिठागरं, ताडांचे शेंडे, सगळं एकदम अंगावर धावून आलं. मी इतकी हसत होते की खाली पोचल्यावर बायका म्हणाल्या, सुझानाला काही बाधलं की काय. त्या दिवसासारखं मी पुन्हा हसले नाही. हे तुला दोष द्यायला लिहीत नाही. तो दिवस चांगला होता, आणि तो तूच दिलास.

मग मुंबईत गाठीचा रोग आला. तुमची डॉरिस तेव्हा रांगत होती. रोगाची बोंब उठताच तुझ्या क्लाराने लेकीला आमच्याकडे धाडलं, पण स्वतः तुला सोडून आली नाही. स्टेशनांवर डॉक्टर उतारूंच्या काखा चाचपत होते. कल्याणला रुडॉल्फच्या डोळ्यांदेखत आख्खी गाडी रिकामी करून रांगेत उभी केली होती, आणि ज्याचं अंग तापलेलं त्याला थेट रोग्यांसाठी बांधलेल्या सरकारी छपरात नेत. आणि एका सकाळी तू येऊरच्या वाटेने खाली आलास. क्लाराला बायसिकलीवर बसवलं होतंस, तिची कंबर तुझ्या धोतराने तुझ्या खांद्याशी बांधलेली, आणि तू नुसता ढकलत होतास. तुझ्या पायांतून रक्त येत होतं. रेल्वेने आणली असती तर तिला धरली असती, म्हणून सबंध राखीव रान तू तिला घेऊन ओलांडलंस. तू सांगितलंस, हिवताप आहे. आईने तिला आपल्या बाजेवर घेतलं.

हिवताप नाही हे तुला ठाऊक होतं. गावाला वाटतं, मी त्यासाठी तुझ्यावर राग धरला. तसं नाही. क्लारा शुद्धीवर होती तेव्हा तिनेच मला जवळ बोलावून सांगितलं, "त्याला बोल लावू नका, बाय. मीच म्हटलं, मला छपरात मरायचं नाही. मला डॉरिसला बघायचंय." तिने दारातूनच मुलीला पाहिलं. जवळ घेतलं नाही. जिचं जगणं संपत आलं होतं तिने तेवढा विचार केला. तू तिला आणलंस ते मी कधीच माफ केलं, अल्फान्सो. मीही आणलं असतं.

पण आईला ताप चढला, तिच्या जांघेत गाठ उठली, आणि तू बायसिकल अंगणात काढलीस. आईने विचारलं, कुठे निघालास. तू म्हणालास, "ठाण्याला जाऊन डॉक्टर घेऊन येतो."

मी डॉरिसला कडेवर घेऊन अंगणात उभी होते. ठाण्याची सडक उजवीकडे जाते. तू वेशीवरच्या क्रुसापर्यंत गेलास, थांबलास, एक पाय जमिनीला टेकलास. मला वाटलं, चाकात काही अडकलं असेल. मग तू डावीकडे वळलास, डोंगराकडे. मागे वळून पाहिलं नाहीस, म्हणून मी पाहत होते हे तुला आजवर माहीत नसावं. आता माहीत झालं.

क्लारा त्याच संध्याकाळी गेली. दुसऱ्या दिवशी सरकारी माणसं आली, आम्हां तिघींना गाडीत घातलं, घराची कौलं उतरवली, अंथरुणं आणि आईची लाकडी पेटी अंगणातच जाळली. छपरात आई सारखी विचारायची, "अल्फान्सो आला का डॉक्टर घेऊन?" मी म्हणायचे, येतोय, वाटेत आहे. शेवटी तिने विचारलं, पायगाडी पंक्चर झाली असेल का गं. मी म्हटलं, हो, तसंच झालं असेल. त्यावर तिला बरं वाटलं. ती तशीच गेली, तुझी काळजी करत. तिला चर्चच्या आवारात जागा मिळाली नाही. छपराच्या मागे चुन्यात पुरलं. तू कुठे होतास ते मला कळलं नाही, आणि नंतर मी विचारलंही नाही.

घर आता पुन्हा शाकारलं आहे. ओवळ्याच्या ज्या घरी माझं ठरलं होतं, त्यांनी आमचं घर गाठीचं म्हणून निरोप धाडला आणि मोडलं. मी त्यांनाही बोल लावत नाही, लोक भितात. मी पाद्रीबाबांच्या शाळेत मुलींना शिवण शिकवते. राघो अजून लाकूडफाटा घेऊन उतरतो आणि डॉरिससाठी करवंदं आणतो. तुझे साहेब ज्या वाटेचं कौतुक करतात त्या वाटेवरून त्याची गाडी आता जंगलाचा चौकीदार अडवतो, चाकांनी वाट खराब होते म्हणून.

आता निरोपातली दुसरी गोष्ट. तू पुन्हा लग्न केलंस, बायको माझगावची आहे, आणि साहेबांचं जेवण झालं की डॉरिसला बरोबर नेणार आहेस. तिचे कपडे बांधून ठेवायला सांगितलेस. हे पत्र त्यासाठी. ती मला आई म्हणते. मी तिला तसं शिकवलं नाही, पण म्हणते तेव्हा ओ देते. अल्फान्सो, मी तिला देणार नाही. पाद्रीबाबांना सांगून ठेवलं आहे, गावालाही. साहेबांचं जेवण दुसरीकडे ठरव. मुलीला नुसतं पाहायचं असेल तर माझी ना नाही, तू बाप आहेस. पण एकटा ये. स्टेशनवर उतरून, सगळ्या गावासमोरून चालत ये. ती मला विचारील, हा माणूस कोण आणि इतके दिवस कुठे होता. त्याचं उत्तर तू द्यायचंस. मी तुझ्यासाठी आईशी खोटं बोलले. हिच्याशी खोटं बोलणार नाही.

इतकं होऊनही तुझीच बहीण,
सुझाना