ऑर्गनचे पाय आणि माझा डावा हात

कामेरानो, ऑगस्ट १९६७

तीर्थस्वरूप जेझुआल्दोमामांस,

भाचा दोनातो याचा लांबूनच नमस्कार (जवळून केला की तुम्ही कान धरता). मी बरा आहे. तुमचा गुडघा, मामीचं डोकं आणि गाढवाचा खोकला यांपैकी काय काय थांबलं ते कळवावं.

कारखान्यात मी नेमकं काय करतो, असं तुम्ही विचारलंत. इथे पूर्वी घरोघरी अकॉर्डियन बनायचे, आता त्याच लोकांनी विजेवरचे ऑर्गन काढलेत. पाय दुमडून झाकण लावलं की त्याची सूटकेस होते आणि पोरं ती घेऊन नाचाच्या कार्यक्रमांना जातात. मी दिवसभर एकेक पट्टी दाबून ती वाजते का बघतो (पगार पट्टीवर नाही, महिन्यावर आहे). आवाज म्हणाल तर पडसं झालेल्या पाद्रीबुवांनी स्तोत्र म्हणावं तसा. ‘बासरी’चा खटका दाबला की पडसं जरा सुटतं, ‘व्हायोलिन’चा दाबला की घशात उतरतं. पण मामा, याला दमच लागत नाही. बोट ठेवाल तोवर गात राहतो. आधी मला त्याची भीती वाटायची, आता आवडतो.

याच आवाजापायी माझं लग्न अडलं होतं. इओले आमच्याच खात्यात तारा जोडते. तिचे वडील सेत्तिमिओमास्तर यांनी जन्मभर अकॉर्डियनचे सूर लावले. ते मला म्हणाले, “माशा कोंडलेल्या डब्यावर पोट भरणाऱ्याला मी पोरगी देत नसतो. जत्रेत त्या डब्यावर नाचाची मझुर्का वाजव. माझा पाय हलला तर घरी जेवायला ये. नाही हलला तर गाडी पकड आणि आपल्या मुलखात जा.”

जत्रेत फळ्यांचा मंच चौकात, भर उन्हात. या ऑर्गनला ऊन सोसत नाही. तापला की एखादा सूर उतरतो, आणि उतरला की खालपासून वरपर्यंत त्या नावाचे सगळे सूर उतरतात, एका घरातल्या सगळ्या पोरांना गोवर यावा तसे. माझा ‘ला’ हा सूर उतरला. तो मी गाळून वाजवू लागलो, ते कोणाच्या लक्षात आलं नाही. नडलं ते तुमचं अकॉर्डियन शिकवणं. मझुर्का रंगात आली की माझा डावा हात आपोआप भाता ओढतो. इथे भाता नव्हता, म्हणून ऑर्गन ओढला गेला. दर ओळीला तो थोडा डावीकडे सरकायचा आणि मी त्याच्या मागोमाग. ढोलवाला प्रिमो ओरडला, “अरे ए, निघालास कुठे? नाच इकडे आहे!”

शेवटी ऑर्गनचे दोन पाय फळीवरून सुटले. खाली पहिल्या रांगेत बसलेले मास्तर उठले आणि त्यांनी तो छातीवर झेलला. मी कडेला गुडघ्यांवर बसून वाजवतच राहिलो (थांबलो असतो तर आगगाडीच होती). “बाबा, सोडू नका!” इओले किंचाळली. छातीवर पट्ट्यांचं ओझं आलं की अकॉर्डियनवाल्या माणसाचे खांदे गप्प राहत नाहीत. आधी खांदे डुलले, मग कंबर. सगळा चौक ओरडला, “मास्तर, पाय! पाय!” त्यांनी खाली बघितलं. पाय ठेका धरून होता.

“वजनानं हलला,” मास्तर म्हणाले. तरी रविवारी जेवायला बोलावलं. बडीशेप भरलेला ससा होता. वाढता वाढता बायकोला म्हणाले, “पोरगा डबेवाला नाही गं, अकॉर्डियनवाला आहे. ओढतो कसा बघितलंस ना?” लग्न ऑक्टोबरात ठरलं.

मामीला नमस्कार, गाढवाला काढा.

इथे आता बऱ्यापैकी ओळखला जाणारा तुमचा भाचा,
दोनातो

ता. क. नवऱ्यानं वरातीत स्वतःचा अकॉर्डियन वाजवायचा, अशी मास्तरांची अट आहे. माझा घरी आहे, असं मी सांगून टाकलंय. तो म्हणजे तुमचा. पोस्टानं पाठवू नका, स्वतः घेऊन या आणि माझ्या बाजूनं साक्षीला उभे राहा. नाही म्हणू नका, मामा. तुमच्याशिवाय इथे माझं कोणी नाही.

आणखी ता. क. इओलेला हे आत्ताच कळलं. तिनं जोडलेला ऑर्गन वाजणार नसेल तर ती चर्चमध्ये पाऊल ठेवणार नाही. तेव्हा दोन्ही वाजणार आणि दोन्ही मीच वाजवणार. येताना गाढवाची दोरी आणा. ऑर्गनचे पाय खांबाला बांधू. उरली तर माझा डावा हात.